अनुभव सांगितला, तेव्हा लोक काय म्हणाले?

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पाया, भिंती, खांब, कळस हे शब्द गावात रोज कानी पडतात. पाया किती फूट खोल घ्यावा, कळस कोणाच्या देणगीतून चढवावा, यावर पारावर बैठका झडतात. याच शब्दांत वारकरी संप्रदायाचा सारा इतिहास सांगणारा एक अभंग आपल्याकडे लहानथोरांना पाठ आहे. ज्ञानोबारायांपासून तुकोबारायांपर्यंतच्या संतांना त्यात देवळाच्या पायापासून कळसापर्यंतची जागा नेमून दिली आहे. हा अभंग तुकोबारायांचा असावा, असे पुष्कळांना वाटते. तो संत बहिणाबाईंच्या नावावर आहे. कीर्तनाला गेली आणि लोकांत तिचे नाव झाले, एवढ्या अपराधाबद्दल ज्या मुलीला घरात बांधून मारले गेले, तिनेच पुढे संप्रदायाच्या देवळाचे हे चित्र काढावे, ही साधी गोष्ट नव्हे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या बहिणाबाई म्हणजे शिऊरच्या, तुकोबारायांच्या शिष्या. खानदेशातील बहिणाबाई चौधरी या निराळ्या. त्यांचा काळ १८८० ते १९५१ असा अलीकडचा आहे. नावसाधर्म्यामुळे शाळेतील मुलांचाच नव्हे, तर कधी कधी व्याख्यात्यांचाही घोटाळा होतो.

आता मूळ विषयाकडे वळू. एखाद्या माणसाने “मला असे दर्शन झाले, मला असा अनुभव आला” असे सांगितले, तर गावाने काय करावे? हा प्रश्न आजचा नाही. गावगाड्यात त्याची दोनच उत्तरे सहसा दिसतात. पहिले म्हणजे हसणे. “डोके फिरले, वैद्याकडे न्या, नाहीतर बाहेरचे असेल, मांत्रिकाकडे न्या.” दुसरे याच्या नेमके उलट. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाच्या कपाळी मळवट भरायचा, पुढे नारळांचा ढीग घालायचा, आणि ज्या बाईला काल पाटावर बसायला कोणी सांगत नव्हते, तिच्यापुढे आपल्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न ठेवायचा. हसणाऱ्याने माणूस काय म्हणतो ते ऐकलेले नसते. नारळ फोडणाऱ्यानेही ते ऐकलेले नसते. वारकरी संतांच्या मेळ्याने या दोहोंहून वेगळी वाट धरली. ती वाट नेहमी साधली असे नाही. कोठे साधली आणि कोठे फसली, याचे काही प्रसंग येथे दिले आहेत.

पहिला प्रसंग तेर गावचा. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथील गोरोबाकाका कुंभार संतमंडळींत वयाने वडील, म्हणून सर्व त्यांना काका म्हणत. एकदा ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी मंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहिले व हे कशाचे म्हणून विचारले. काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग ही सारी मडकी एकदा थापटून पाहा, असे त्या लहानग्या मुलीने सुचवले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. बाकीचे शांत बसले, नामदेवराय मात्र चिडले. देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याच्या डोक्यावर थापटणे! काकांनी निकाल दिला की एवढे एकच मडके कच्चे आहे.

ही कथा परंपरेने चालत आलेली आहे आणि कीर्तनकार ती रंगवून सांगतात. श्रोते हसतात व पुढच्या कथेला लागतात. पण तिच्यात एक बारकावा आहे. नामदेवांना आलेला अनुभव खोटा, असे तेथे कोणीच म्हणाले नाही. देव तुझ्याशी बोलतच नाही, असा आरोप कोणी केला नाही. तपासले गेले ते एवढेच की या अनुभवाने माणूस कसा झाला, डोक्यावर टपली बसली तर त्याचे काय होते. अनुभव कोणाला दाखवता येत नाही, मोजता येत नाही. पण राग आला की तो चारचौघांना दिसतो. कुंभाराने कुंभाराचेच मोजमाप लावले.

त्यानंतर नामदेवराय रुसून पंढरीला गेले आणि तेथून देवाच्याच सांगण्यावरून औंढ्या नागनाथाच्या विसोबा खेचरांकडे गेले, अशी कथा आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हणाले, जेथे देव नाही तेथे तूच उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. हे विसोबा पूर्वी कोण होते? ज्ञानदेवादी भावंडांना संन्याशाची पोरे म्हणून छळणाऱ्यांतलेच एक, असे संतचरित्रे सांगतात. छळणारा पुढे गुरू झाला, आणि ज्याला कच्चा म्हटले तोच पुढे पंजाबात घुमानपर्यंत नामाचा प्रसार करीत गेला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. संतमेळ्याने कच्चे म्हणून मडके फोडून टाकले नाही, ते भट्टीत घातले.

दुसरा प्रसंग मंगळवेढ्याच्या चोखोबांचा आहे आणि तो सांगताना मान खाली जाते. चोखोबा जातीने महार. पंढरीच्या देवळाच्या आत त्यांना मज्जाव होता. एके रात्री देवाने आपला हात धरून आत नेले व गळ्यातला हार आपल्या गळ्यात घातला, असे चोखोबांनी सांगितल्याची कथा आहे. हा अनुभव ऐकून पुजाऱ्यांनी काय केले? हाराची चोरी ठरवली, देऊळ बाटले म्हणून ओरड केली आणि बैलांना जुंपून ओढण्याची शिक्षा फर्मावली. जनाबाईंवरही देवाचे पदक चोरल्याचा आळ आला होता व त्यांना सुळापर्यंत नेले होते, अशी कथा आहे. गरिबाच्या घरी देव आला तर मोठ्यांना प्रथम चोरीच दिसते.

येथे संतमेळा पुजाऱ्यांबरोबर गेला नाही, हे खरे. चोखोबांचे अभंग त्यांनी आपल्या अभंगांच्या शेजारी ठेवले. चोखोबांच्या घरातील सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा या सर्वांचे अभंग आज आपल्याला मिळतात. त्या काळी महारवाड्यातील एका सबंध घराचे शब्द कोणी जपून ठेवावेत, ही गोष्ट लहान नाही. शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवरायांनी तेथे जाऊन ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून वेचल्या आणि पंढरीस महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. समाधी झाली, ती महाद्वाराच्या बाहेर. आत जाण्यास चोखोबांच्या जातभाईंना आणखी सहाशे वर्षे लागली. सानेगुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केले, तेव्हा ते देऊळ सर्वांना खुले झाले. संतांनी चोखोबांचा अनुभव मानला, पण त्या अनुभवासाठी दार उघडण्याची ताकद त्यांच्या मेळ्यात नव्हती, किंवा असूनही ती वापरली गेली नाही. नव्या देवळाला मोठा दरवाजा बसवताना हे ध्यानी असावे.

तिसरा प्रसंग खुद्द तुकोबारायांचा. आपला वृत्तांत त्यांनी स्वतःच एका दीर्घ अभंगात दिला आहे. त्याच्या आरंभीच ते म्हणतात की हे सांगण्यासारखे नव्हे, पण तुम्ही संतांनी विचारलेत म्हणून सांगतो. या दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. सांगणारा आपण होऊन सांगत सुटला नाही, आणि ऐकणाऱ्यांनी आधी विचारले. मग ते काही न लपवता सांगतात. आईबाप गेले. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात दिवाळे निघाले, मान गेला, बायको अन्नावाचून मेली, व्यवसाय करायची लाज वाटू लागली. देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. सुरुवातीला एकादशीला कीर्तन करीत, पण अभ्यासात मन नव्हते. संतांची वचने पाठ केली, पुढे गाणारे गात त्यांच्या मागे ध्रुपद धरले. एवढे सारे सांगून झाल्यावर मग गुरूने स्वप्नात केलेल्या उपदेशाचा उल्लेख येतो, तोही थोडक्यात. हल्ली अनुभव सांगणारे आधी दर्शन सांगतात आणि दिवाळे सांगतच नाहीत.

तुकोबांच्या स्वप्नाची हकिकत अन्य अभंगांत आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. बाबाजी चैतन्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. त्यांनी भोजनास पावशेर तूप मागितले होते, पण ते देण्याचे स्वप्नात राहूनच गेले! ही तुपाची गोष्ट बनावट सांगणाऱ्याला सुचली नसती. दुसऱ्या एका स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव आले आणि आपले राहिलेले कवित्व पुरे करण्याचे काम तुकोबांना सोपवून गेले. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा एक शिंपी देहूच्या एका वाण्याच्या स्वप्नात येऊन आपले अपुरे काम देऊन जातो.

हे ऐकून देहू-पुण्याच्या मुलखात काय झाले ते सर्वश्रुत आहे. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली. शूद्राच्या तोंडून वेदाचा अर्थ यावा आणि तोही देवाने सांगितला म्हणून, हे त्यांना मान्य झाले नाही. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तुकोबाराय धरणे धरून बसले आणि तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. तुकोबारायांनी आपल्या वृत्तांतात या साऱ्याला फार थोडी जागा दिली आहे. निषेधाचा घाव मनाला लागला, वह्या बुडवल्या, धरणे घेतले, देवाने समाधान केले, एवढेच. तक्रार केली नाही, विरोधकाचे नावही घेतले नाही.

पुढे रामेश्वरभट बदलले. किती बदलले याचा पुरावा प्रत्येक गावात रोज संध्याकाळी कानी पडतो. तुकोबारायांची जी आरती गावोगाव म्हटली जाते तिच्या अखेरीस रामेश्वराचे नाव येते. टाळ वाजवण्याच्या नादात ते पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्याचीच आरती संप्रदायाने कायम केली. दुसरीकडे चाकणचे संताजी जगनाडे तेली अभंग उतरवून घेत होते. त्यांनी वाद घातला नाही की जयजयकार केला नाही, ऐकले ते लिहिले. अनुभवाला साक्षीदार हवा तो असा.

आता बहिणाबाई. ही हकिकत सविस्तर सांगणे भाग आहे. कारण येथे अनुभव सांगणारी एक मुलगी आहे आणि तिला जाब विचारणारे घरचेच लोक आहेत.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगाव येथे झाला. वडील आऊदेव कुलकर्णी, आई जानकी. अगदी लहानपणीच शिऊरच्या रत्नाकर पाठक या तिशीतल्या बिजवराशी लग्न झाले. शिऊर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात आहे. भाऊबंदकीच्या भांडणामुळे आईवडील, जावई व ही लहान मुलगी असे सारे घरदार सोडून निघाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत फिरत ते कोल्हापुरास पोहोचले आणि एका ब्राह्मणाच्या वाड्यात राहिले. बहिणाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. कुलकर्णपण गेले, गाव सुटले, अशा माणसाच्या स्वभावात जो कडूपणा येतो तो रत्नाकर पाठकांत आला होता. त्यांचा तापटपणा सांगताना एवढे विसरू नये.

त्या वाड्यात दान आलेल्या कपिला गाईला एक वासरू होते. ते वासरू बहिणाबाईंच्या मागेच लागले. त्या असतील तरच चारा खाई, पाणी पिई, त्या कीर्तनाला निघाल्या की तेही निघे. त्या वेळी कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालली होती. त्यांत तुकोबारायांचे अभंग गायले जात. एका रात्री दाटी झाली म्हणून कोणी वासराला बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले, आत मुलगी रडू लागली. जयरामस्वामींना कळले, तेव्हा त्यांनी वासराला आत बोलावले, जवळ बसवले, आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ही मुलगी सामान्य नव्हे, असे ते बोलले.

स्वामींचा हेतू चांगला होता. पण चारचौघांत उच्चारलेले ते वाक्य गावभर झाले, आणि एका बाईने ते घरी येऊन पाठकांच्या कानी घातले. पाठकांनी वेणी धरून बायकोला मारले व बांधून ठेवले. आईबाप त्याच घरात होते, त्यांनाही काही करता आले नाही. गाय-वासराने चारा सोडला. पुढे ते वासरू मुलीजवळच मेले आणि बहिणाबाई कित्येक दिवस शुद्धीवर नव्हत्या.

त्या अवस्थेत तुकोबारायांनी स्वप्नात येऊन डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला. तुकोबांना त्यांनी कधी पाहिले नव्हते, अभंग मात्र ऐकले होते. खुद्द तुकोबांना जसा स्वप्नात गुरू मिळाला होता, तसेच येथे झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हे सांगितले आणि मग दोन्ही गोष्टी एकदम घडल्या. लोक दर्शनाला लोटू लागले. आणि नवरा पेटला. ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू एक वाणी? लोक हिच्या पाया पडू लागले, तर नवऱ्याला कोण विचारणार? बायको गरोदर होती, तरी तिला टाकून आपण तपाला जावे, असे त्यांनी ठरवले.

लोकांची झुंड आणि नवऱ्याचा राग, यांत मुलीला काय हवे होते ते कोणी विचारले नाही. तिला तुकोबांना पाहायचे होते, एवढेच. गर्दीपुढे देवी होऊन बसण्याची संधी दारी चालून आली होती. आईबाप निर्वाहाला मोताद, दक्षिणेची सोय झाली असती. बहिणाबाईंनी ती घेतली नाही. उलट नवरा निघून जाणार त्याच दिवशी तापाने अंथरुणाला खिळला आणि महिनाभर तिनेच त्याची सेवा केली. त्या तापात पाठकांच्या मनाने उलट घेतली. आपण संताची निंदा केली हे त्यांना उमजले. बरे होताच ते स्वतः बायकोला, सासूसासऱ्यांना आणि त्या गाईला घेऊन देहूला निघाले.

ताप हा देवाचा कोप, असे त्या काळी मानले गेले. आजचा वाचक वेगळे म्हणेल. काही म्हटले तरी महिनाभर जिने उशाशी बसून पाणी पाजले तिचे वागणे नवऱ्याने पाहिले. दर्शनाच्या गोष्टीने जे पटले नाही, ते त्यामुळे पटले असावे. गोरोबाकाकांचे थापटणे येथे पुन्हा आठवते.

देहूस पोहोचल्यावर बहिणाबाईंनी तुकोबांना पाहिले आणि स्वप्नातले रूप ओळखले. पण त्रास तेथेही संपला नाही. मंबाजी गोसावी यांना ही मंडळी आपली शिष्य व्हावी असे वाटत होते. ती तुकोबांची आहेत हे कळताच त्यांनी शिव्याशाप दिले, पुण्याच्या आपाजी गोसावी यांस पत्र लिहून शूद्र ब्राह्मणांना उपदेश करतो अशी तक्रार केली, आणि गाय पळवून नेऊन तिला मारले. गाईवरचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. तुकोबांच्या कीर्तनात मात्र या नव्या बाईला कोणी दर्शनाचा दाखला मागितला नाही, आणि तिला व्यासपीठावरही चढवले नाही. मेळ्यात बसायला जागा दिली. तिला हवी होती ती तेवढीच.

तुकोबारायांना अंगात आणून भविष्य सांगणाऱ्यांची, चमत्काराचा बाजार मांडणाऱ्यांची चीड होती. त्यांच्या गाथेत अशांवर कडक अभंग आहेत. स्वतः स्वप्नाची हकिकत सांगणारा माणूस हे लिहितो यात विसंगती नाही. अनुभव निराळा आणि त्याचे दुकान निराळे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा वारी व कीर्तनही बंद होणार, अशी हाकाटी काही ठिकाणी उठली होती. कायद्याचा मजकूर वाचला असता तर दिसले असते की यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यात स्पष्ट मुभा आहे. लोकांना फसवणे, भीती घालणे आणि लुबाडणे यांना नाही. तुकोबारायांनाही याहून वेगळे काही म्हणायचे नव्हते.

स्वप्नातल्या गुरूची ही रीत पुढेही चालली. पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे निळोबाराय यांनाही तुकोबांचा उपदेश असाच झाला, असे संप्रदाय मानतो. आणि ज्यांच्यामुळे या साऱ्या हकिकती खेडोपाडी पोहोचल्या ते महिपतीबुवा ताहराबादकर (१७१५ ते १७९०) हेही तुकोबांना स्वप्नातले गुरू मानत. महिपतीबुवा व्यवसायाने गावचे कुलकर्णी. एकदा पूजेला बसले असता सरकारी शिपाई बोलवायला आला व वेडेवाकडे बोलला. बुवांनी पूजा आटोपून ते काम पुरे केले आणि मग लेखणी खाली ठेवली. यापुढे ही लेखणी दप्तराला लागणार नाही, संतांची चरित्रेच लिहील, असा नेम केला. शके १६८४, म्हणजे १७६२ साली भक्तविजय पुरा झाला. आपण पदरचे काही घातले नाही, नाभाजी व उद्धवचिद्घन यांच्या आधाराने लिहिले, असे ते नमूद करतात. दप्तरात मुरलेला माणूस आधाराचा कागद विसरत नाही!

बहिणाबाई पुढे संसार करीत राहिल्या. काशी ही मुलगी व विठोबा हा मुलगा झाला. स्त्रीजन्मामुळे वेद ऐकता येत नाही, मंत्र घेता येत नाही, नवऱ्याची मर्जी सांभाळून भक्ती कशी करावी, हे दुःख त्यांनी अभंगांत उघड मांडले आहे. पण घर सोडले नाही. खरा ब्राह्मण कोण, याचा विचार करणाऱ्या वज्रसूचीचा अर्थही त्यांनी मराठीत आणला. जातीच्या नावाने ज्यांच्या गुरूला हिणवले गेले होते, त्यांनीच हे काम हाती घ्यावे, हे ओघानेच आले. त्यांच्या आत्मनिवेदनाचे १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी इंग्रजीत भाषांतर केले, तेव्हा परदेशच्या वाचकांनाही कोल्हापूरच्या त्या वासराची गोष्ट कळली.

शके १६२२, इ. स. १७००. बहिणाबाईंचे वय बहात्तर. आपला अंतकाळ जवळ आला हे ओळखून त्यांनी परगावी गेलेल्या मुलाला, विठोबाला, निरोप पाठवून बोलावून घेतले. तो आला. आपले पूर्वीचे बारा जन्म आपल्याला आठवतात, असे आईने त्याला सांगितले. साठ वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या वाड्यात असे काही बोलल्यावर दोरी आली होती. विठोबा आईजवळ बसला आणि त्याने विचारले, ते जन्म कोणते होते, कोठे होते, सगळे सांग. आई एकेक जन्म सांगत गेली, आणि तो ऐकत राहिला.